स्पिनिंग रॉड स्वतः बांधताय? मग गाईड निवडायच्या आधी रील हातात घ्या

मासेमारीचा स्वतःचा रॉड बांधायला घेतला की पहिले पंधरा दिवस ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती दांडी, कुठला घ्यायचा यातच जातात, मग हँडलला कॉर्क की ईव्हीए, मग दोऱ्याचा रंग, आणि गाईडचा, म्हणजे लाईन ज्यांतून जाते त्या दांडीवरच्या कड्यांचा, विषय येतो तेव्हा माणूस थकलेला असतो, म्हणून तो सरळ ७ फुटी स्पिनिंग रॉडचा तयार सेट उचलतो आणि सोबतच्या कागदावर लिहिलेल्या अंतरांवर बांधून मोकळा होतो. मी पण पहिला रॉड असाच बांधला होता. ब्लँक सुंदर होता, हलका, टोकाला अगदी जिवंत. गाईड बांधून इपॉक्सी सुकल्यावर हातात घेतला तर तोच ब्लँक मेल्यासारखा वाटायला लागला, टोक जड, हलवलं की थरथर थांबेचना, आणि कास्ट केला, म्हणजे लाईन लांब फेकली, की ती पहिल्या गाईडवर फट् फट् आपटायची. गाईड चांगल्या प्रतीचेच होते, फक्त माझ्या रीलला, माझ्या लाईनला आणि त्या ब्लँकच्या वाकण्याला ते शोभत नव्हते. शेवटी सगळे कापून काढले आणि पुन्हा बांधले. दुसऱ्या वेळी ज्या क्रमाने गेलो तोच इथे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. स्पिनिंग रीलचा स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेली फिरकी, कास्टच्या वेळी फिरत नाही, तो स्थिर असतो, आणि लाईन त्याच्या पुढच्या कडेवरून वेटोळी घेत सुटते. म्हणजे रीलमधून बाहेर पडताना लाईन सरळ नसतेच, ती स्प्रिंगसारखी गोल गोल फिरत पुढे जाते. गाईडचं काम काय, तर हे फिरणं शक्य तितक्या लवकर पण धक्का न देता आटोक्यात आणायचं आणि तिथून टोकापर्यंत लाईन सरळ न्यायची. शिवाय मासा लागल्यावर ताण ब्लँकवर नीट वाटून द्यायचा. पहिलं काम रीलकडच्या ३-४ गाईडचं, दुसरं मुख्यतः टोकाकडच्यांचं. त्यामुळे दोन्हीकडचे गाईड वेगळ्या विचाराने निवडायला लागतात.

पायरी १: रील आणि लाईन आधी ठरवा

रॉडला कुठलं रील लागणार हे नक्की नसेल तर गाईड विकत घेऊच नका, थांबा. "२५०० साईजचं लावीन" एवढं पुरत नाही, कारण एका कंपनीच्या २५०० चा स्पूल दुसऱ्या कंपनीच्या ३००० एवढा असू शकतो. कॅलिपर घ्या आणि स्पूलच्या पुढच्या कडेचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग लाईन. मोनो, म्हणजे नायलॉनची एकतंतू लाईन, जाड असते, ताठ असते आणि स्पूलवर बसून बसून तिला वेटोळ्यांची सवय लागते, त्यामुळे ती मोठी वेटोळी घेत सुटते आणि तिला पहिला गाईड जरा मोठा लागतो. ब्रेड लाईन, म्हणजे बारीक तंतू विणून केलेली, पातळ आणि लुळी असते, तिची वेटोळी पटकन मिटतात, म्हणून तिला लहान रिंग चालतात आणि खरं तर लहानच बऱ्या पडतात, कारण मोठ्या रिंगमध्ये ब्रेड मोकाट फिरत राहते. फ्लुरोकार्बन मुख्य लाईन म्हणून वापरणार असाल तर मोनोसारखाच विचार करा, तीही ताठच असते. दोन्ही लाईन आलटून पालटून वापरणार असाल तर मोनोच्या हिशोबाने जा, ब्रेड मोठ्या गाईडमध्ये थोडी कुरकुर करत का होईना चालून जाते पण उलटं केलं तर मोनोचं कास्टचं अंतर सरळ कमी होतं.

आणि तिसरी गोष्ट, जी निम्मे लोक विसरतात, ती लीडरची गाठ. ब्रेडला पुढे लीडर, म्हणजे टोकाचा वेगळ्या लाईनचा तुकडा, जोडणार असाल तर ती गाठ कास्ट करताना सगळ्या गाईडमधून जोरात जाणार. तुमचा सगळ्यात जाड लीडर, तुमच्या हाताने बांधलेली गाठ, आणि ज्या सगळ्यात लहान रिंगचा विचार चाललाय ती रिंग, हे तिन्ही घ्या आणि गाठ हाताने हळू हळू ओढून बघा. एफजी गाठ बारीक असते, आरामात जाते. डबल युनी जाड असते, तिची कापलेली शेपटी रिंगच्या कडेला टिक् करून अडकते आणि ते बोटांना स्पष्ट कळतं. हाताने ओढताना जे नुसतं टिक् होतं तेच कास्टच्या वेगात एकतर गाठ सोडवतं नाहीतर रिंगला धक्का देतं. असं झालं तर एक साईज वर जा, हट्ट करू नका.

पायरी २: नंबरचा अर्थ समजून घ्या

गाईडवर ६, १०, १६, २५ असे नंबर असतात. फुजीसारख्या कंपन्यांमध्ये हा नंबर म्हणजे साधारणपणे सिरॅमिक रिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये. आतलं भोक त्याहून लहान असतं, आणि किती लहान ते रिंगच्या जाडीवर अवलंबून. दोन वेगळ्या मटेरिअलच्या ६ नंबरच्या रिंगमध्ये आतली जागा वेगळी असू शकते. गाठ जाईल की नाही ते आतल्या भोकावर ठरतं, म्हणून नंबरवर विसंबू नका, हातात घेऊन बघा.

दुसरं माप उंचीचं. रिंगचा मध्य ब्लँकपासून किती उंच आहे हे स्पिनिंग रॉडमध्ये रिंगच्या आकाराइतकंच महत्त्वाचं आहे, कारण रील ब्लँकच्या बरंच खाली लटकलेलं असतं आणि लाईन तिथून वर चढत येते. एकाच नंबरचा गाईड उंच फ्रेममध्येही (रिंग धरून ठेवणाऱ्या धातूच्या सांगाड्यात) मिळतो आणि बुटक्या फ्रेममध्येही. रीलकडचे पहिले दोन उंच हवेत. पुढे उंची कमी होत जायची.

पायरी ३: रीलच्या अक्षाची रेघ काढा

मला विचाराल तर सगळ्या कामातली ही सगळ्यात मोलाची पायरी आहे आणि हिला पैसा लागत नाही.

रील सीट (रील बसवायचा भाग) ब्लँकवर नुसती सरकवून ठेवा, अजून चिकटवू नका, आत टेपचे दोन वेढे देऊन घट्ट बसेल एवढं बघा. तुमचं रील लावा. आता रीलकडे बाजूने बघा. स्पूलचा दांडा ब्लँकला अगदी समांतर नसतो, बहुतेक रीलमध्ये तो पुढच्या बाजूला किंचित वर, म्हणजे ब्लँककडे झुकलेला असतो. ती दांड्याची रेघ पुढे वाढवत नेली तर ती कुठेतरी जाऊन ब्लँकला भेटते. एक लांब सरळ काठी किंवा पट्टी स्पूलच्या मध्याच्या रेषेत धरून बघा, नाहीतर भिंतीला मोठा कागद लावून त्यावर रेघ मारा, जे जमेल ते. ही रेघ जिथे ब्लँकला भेटते त्याच्या आसपास लाईनचं फिरणं पूर्ण थांबलेलं असायला हवं. तिथे जो गाईड बसतो त्याला चोक गाईड म्हणतात, आणि तिथून टोकापर्यंत सगळे गाईड एकाच लहान साईजचे, त्यांना रनिंग गाईड म्हणतात.

चोक गाईडची जागा काढायचा एक आकड्याचा नियम पण आहे, फुजीच्या न्यू गाईड कॉन्सेप्टमुळे तो बांधणाऱ्यांमध्ये पसरला. स्पूलचा व्यास गुणिले २७. माझा स्पूल ४६ मिलिमीटरचा, म्हणजे ४६ × २७ = १२४२ मिलिमीटर, साधारण १२४ सेंटिमीटर. स्पूलच्या पुढच्या कडेपासून एवढ्या अंतरावर चोक गाईड. रेघ आणि आकडा दोन्ही जवळपास एकाच ठिकाणी आले तर डोळे झाकून पुढे जा. वेगळे आले तर मी आकड्यापेक्षा रेघेवर जास्त भरवसा ठेवतो, कारण रेघ तुमच्या रीलची आहे आणि आकडा सगळ्यांचा सरासरी. पातळ ब्रेड आणि लहान रिंग वापरणारे बरेच जण चोक गाईड रीलच्या आणखी जवळ आणतात आणि त्यांचे रॉड उत्तम चालतात, त्यामुळे २७ हा सुरुवातीचा आकडा समजा, शेवटचा शब्द कास्ट करून बघितल्यावरच.

पायरी ४: रीलकडचे गाईड

सगळ्यात पहिला मोठा गाईड म्हणजे स्ट्रिपर. जुन्या पद्धतीत हा खूप मोठा असायचा, आणि मग ३०, २०, १२, ८ असा हळूहळू लहान होत जाणारा शंकू. या पद्धतीत काहीच चूक नाही, मोनोवर ती आजही चांगली चालते, पण वजन वाढतं. नव्या पद्धतीत स्ट्रिपर रिंगने लहान पण फ्रेमने उंच, आणि साईज झपाट्याने खाली येते.

साधारण असं धरा. १००० ते २५०० च्या रीलवर पातळ ब्रेड असेल तर २० उंच, मग १०, मग ५.५ किंवा ६. त्याच रीलवर मोनो असेल किंवा रील ३०००-४००० चं असेल तर २५ उंच, १६, १०, आणि मग ६. मोठ्या समुद्री रीलवर, जाड लीडर असेल तर ३० किंवा ४० पासून सुरुवात आणि रनिंग गाईड ८ किंवा १०. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत, पण इथून सुरू केलं तर फार भरकटत नाही माणूस.

सगळे टेपने लावून झाले की रील काढा, डोळा रीलच्या स्पूलच्या जागी न्या आणि टोकाकडे बघा. रिंग एकात एक बसलेल्या दिसल्या पाहिजेत, मोठ्या वर्तुळात मधलं, त्यात लहान. एखादी रिंग खाली किंवा वर डोकावत असेल तर त्या गाईडची उंची चुकलीय नाहीतर तो त्याच्या जागेच्या पुढेमागे आहे. २-३ सेंटिमीटर सरकवलं की बऱ्याचदा जागेवर येतं. नाही आलं तर फ्रेम बदला.

फ्रेमचा विषय निघालाच आहे तर ब्रेड वापरणाऱ्यांसाठी एक सांगतो. ब्रेड लुळी असल्यामुळे कास्टच्या वेळी तिचा एखादा फास मागे उडतो आणि गाईडच्या फ्रेमभोवती अडकतो, मग पुढचं सगळं शिसं किंवा ल्युअर (नकली आमिष) हवेत जागीच थांबतं, नाहीतर लाईन तुटून निघून जातं. फुजीच्या के सिरीजच्या फ्रेम यासाठीच पुढे कललेल्या असतात, फास अडकला तरी जाणारी लाईनच त्याला उतारावरून पुढे ढकलून सोडवते. ब्रेडसाठी नवीन गाईड घेताय तर निदान पहिले दोन-तीन तरी अशा कललेल्या फ्रेमचे घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांत काटकसर चालेल.

पायरी ५: टोकाकडचे गाईड, आणि इथे वजनाचं गणित

टोकाला जास्तीचं वजन का नको हे नीट समजलं की निवड आपोआप सोपी होते. हातापासून २०० सेंटिमीटरवर १ ग्रॅम ठेवला आणि तोच ग्रॅम ८० सेंटिमीटरवर ठेवला, तर लांबचा ग्रॅम हाताला अडीचपट जड लागतो. आणि रॉड झटक्यात हलवताना तर अंतराचा वर्ग लागू होतो, म्हणजे २.५ गुणिले २.५, सव्वासहा पट. म्हणून स्ट्रिपर थोडा जड असला तर कोणाला कळतही नाही पण टोकाच्या ३-४ गाईडमध्ये वाढलेलं थोडंसं वजनही ब्लँकची सगळी चपळाई खाऊन टाकतं. माझ्या पहिल्या रॉडमध्ये हेच झालं होतं, टोकापर्यंत दोन पायांचे (ब्लँकवर दोन ठिकाणी बांधायचे) ८ नंबरचे गाईड आणि वर दोऱ्याचे आणि इपॉक्सीचे जाड थर.

तर टोकाकडे एका पायाचे गाईड. फ्रेम हलकी, दोरा निम्मा, इपॉक्सी निम्मं, आणि त्या जागी ब्लँक मोकळेपणाने वाकतो. दोन पायांचे गाईड फक्त रीलकडच्या पहिल्या एक-दोन जागी, जिथे धक्के बसतात आणि रॉड कुठेही टेकवताना आधी तोच भाग आपटतो. जड कामाच्या रॉडला, म्हणजे जाड लाईन, मोठे मासे, दगडांतून ओढाओढ, तिथे मात्र शेवटपर्यंत दोन पायांचे लावा, तिथे चपळाईपेक्षा टिकाऊपणा मोठा.

किती गाईड लावायचे? जुना ठोकताळा असा की रॉड जितके फूट तितके गाईड, आणि वर एक टीप टॉप, म्हणजे टोकावर बसणारा शेवटचा गाईड. ७ फुटी रॉडला ७ गाईड आणि टीप टॉप. मऊ टोकाच्या ब्लँकला एखादा जास्त लागतो, ताठ असेल तर एखादा कमी चालतो. कमी गाईड म्हणजे हलका रॉड असं वाटून काही जण दोन गाईड गाळतात, ते करू नका, ताण वाटला जात नाही आणि ब्लँक एकाच ठिकाणी जास्त वाकतो.

टीप टॉपची नळी ब्लँकच्या टोकावर नीट बसायला हवी. बऱ्याच कंपन्या हे माप इंचाच्या ६४ व्या भागात देतात, ५ लिहिलं असेल तर ५/६४ इंच, म्हणजे जवळजवळ २ मिलिमीटर. ब्लँकचं टोक कॅलिपरने मोजा आणि किंचित सैल नळी घ्या. घट्ट बसवायला ब्लँक घासायचा मोह होतो, पण टोक घासलं की संपलं, तिथले तंतूच जातात. टीप टॉप गरम करून लावायच्या गोंदाने बसवा, इपॉक्सीने नको, कारण कधी ना कधी तो बदलायला लागणारच आणि तेव्हा थोडी ऊब दिली की निघतो. ऊब नळीला द्यायची, ब्लँकला नाही.

पायरी ६: रिंगचं आणि फ्रेमचं मटेरिअल

यावर लोक रात्र रात्र वाद घालतात, मी थोडक्यात आटोपतो. ॲल्युमिनियम ऑक्साईडच्या रिंग स्वस्त, कडक, आणि ब्रेडलासुद्धा पुरेशा. सिलिकॉन कार्बाईड त्याहून कडक, जास्त गुळगुळीत होते, आणि उष्णता पटकन पसरवते, मोठा मासा लांब पळतो तेव्हा घर्षणाने लाईन तापते तिथे याचा फायदा. मधल्या दर्जाच्या रिंगही मिळतात आणि रोजच्या वापराला त्या उत्तम. सिरॅमिक नसलेल्या साध्या मऊ धातूच्या रिंगवर ब्रेड लावू नका, ब्रेड धातूत खाचा पाडते आणि मग त्याच खाचा ब्रेड कापतात.

पैसे मोजके असतील तर कुठे घालायचे? माझ्या मते टीप टॉप आणि स्ट्रिपर या दोन जागी. सगळ्यात जास्त घासणं तिथेच होतं.

फ्रेम स्टेनलेसची की टायटॅनियमची, हे पाणी ठरवतं. गोड्या पाण्यात स्टेनलेस वर्षानुवर्षं टिकतं. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसही गंजतं, ३१६ दर्जाचं ३०४ पेक्षा उशिरा, पण गंजतं. टायटॅनियम गंजत नाही आणि पोलादाच्या मानाने जेमतेम ५५-६० टक्के वजनाचं असतं, पण महाग. मधला रस्ता असा की टोकाचे रनिंग गाईड आणि टीप टॉप टायटॅनियमचे, बाकी स्टेनलेस. वजनाचा फायदा जिथे सव्वासहा पट आहे तिथेच पैसे गेले.

विकत घेतलेला प्रत्येक गाईड तपासा, नवा कोरा असला तरी. कापसाचा बोळा किंवा जुना नायलॉनचा मोजा रिंगमधून गोल फिरवत ओढायचा. रिंगला केसाएवढी भेग असली तरी एखादा तंतू अडकतो. डोळ्याला ती भेग दिसत नाही, कापूस सांगतो.

पायरी ७: टेपने लावा आणि वाकवून बघा

आता अंतरं. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, ७ फुटी म्हणजे २१३ सेंटिमीटरचा ब्लँक, ४६ मिलिमीटरचा स्पूल, स्पूलची कड बुडापासून ३८ सेंटिमीटरवर. चोक गाईड ३८ अधिक १२४ म्हणजे बुडापासून १६२ वर, टोकापासून मोजलं तर ५१ सेंटिमीटर. स्ट्रिपर स्पूलपासून ५० सेंटिमीटर पुढे, म्हणजे टोकापासून १२५. आता टोकाकडून मोजत आलो तर गाईड १०, २१.५, ३५, ५१, ७१, ९५ आणि १२५ सेंटिमीटरवर. मधली अंतरं बघा, १०, ११.५, १३.५, १६, २०, २४, ३०. टोकाकडून रीलकडे प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा मोठं होत जातं, कुठेही एकदम उडी नाही. टोकाला ब्लँक जास्त वाकतो म्हणून तिथे गाईड जवळ जवळ. साईज २५, १६, १०, मग चोकपासून पुढे सगळे ६, टीप टॉपही ६.

रॉड दोन तुकड्यांचा असेल तर सांध्यापासून गाईड ३-४ सेंटिमीटर लांब ठेवा आणि त्याप्रमाणे आजूबाजूचे थोडे सरकवून घ्या. गाईडची रांग ब्लँकच्या कुठल्या बाजूला, यासाठी काही जण ब्लँकचा कणा, म्हणजे तो जिथे जास्त ताठ असतो ती बाजू, शोधून त्यावर लावतात. मी ब्लँक जिथून सरळ दिसतो ती बाजू बघतो, थोडीशी नैसर्गिक वाक असतेच, ती वर किंवा खाली येईल असं फिरवतो, डावी-उजवीकडे येऊ देत नाही.

गाईड मास्किंग टेपच्या अरुंद पट्टीने लावा, किंवा बारीक रबरी नळीचे तुकडे कापून त्यात पाय खोचा, सरकवायला ते सोपं जातं. मग हँडल टेबलाच्या कडेला घट्ट बांधा, रॉड साधारण ४५ अंशात वर, गाईड खाली. लाईन सगळ्या गाईडमधून ओवा आणि टोकातून बाहेर आलेल्या लाईनला वजन बांधा. थोडं थोडं वाढवत न्या. बाटलीत पाणी भरत जाणं मला सोपं वाटतं.

आता बाजूला उभं राहून नीट बघा. ब्लँक वाकलाय, आणि गाईड आतल्या बाजूला असल्यामुळे लाईन दोन गाईडच्या मधे सरळ जाते, धनुष्याच्या दोरीसारखी. एखाद्या ठिकाणी लाईन ब्लँकपासून फार लांब सुटली असेल आणि गाईडपाशी टोकदार कोन झाला असेल तर तिथे अंतर जास्त झालंय. गाईड जवळ आणा, नाहीतर एक वाढवा. लाईनने ब्लँकच्या वळणाचीच नक्कल करत जावं, कुठेही गुडघा मोडल्यासारखं दिसू नये. मी या टप्प्यावर संध्याकाळभर बसतो. अर्धा सेंटिमीटर इकडे, एक तिकडे. आणि ज्या क्षणी ते वळण एकसंध दिसतं तो क्षण खरंच फार समाधानाचा असतो.

पायरी ८: मोकळ्या जागेत कास्ट

टेपवरच, हो. टेपचे दोन वेढे जास्त मारा आणि मोकळ्या गवताच्या मैदानात जा, गळ न लावता, तुम्ही नेहमी टाकता त्या वजनाचं शिसं बांधून. आधी हळू, मग जोर वाढवत. कोणी समोर उभं राहणार नाही हे बघा, टेप सुटू शकते.

बघायचं काय? अंतर तर मोजाच, पण त्याआधी कान द्या. चांगल्या मांडणीत लाईन जाताना बारीक, एकसारखी सूं असा आवाज येतो. स्ट्रिपर रीलच्या फार जवळ असेल तर वेटोळी पूर्ण मोठी असतानाच रिंगवर आदळतात, फट् फट् ऐकू येतं. फार लांब असेल तर लाईन मधल्या ब्लँकवर चाबकासारखी लागते. याची खात्री करायची साधी युक्ती म्हणजे स्पूलवरची लाईन ओली करायची, ब्लँक कोरडा पुसायचा आणि एक कास्ट करायचा, रील आणि स्ट्रिपरच्या मधे ब्लँकवर पाण्याच्या बारीक थेंबांची रेघ उमटली असेल तर लाईन तिथे लागतेय. स्ट्रिपर २ सेंटिमीटर सरकवा, पुसा, पुन्हा टाका. माझ्या आत्ताच्या रॉडमध्ये कागदावर ५० आलेला स्ट्रिपर शेवटी ४७ वर स्थिरावला, थेंब तिथे गायब झाले.

एकाच जागी निदान १० कास्ट करा, वाऱ्याच्या एका झुळकेने फसू नका, आणि प्रत्येक बदल एका वेळी एकच. दोन गाईड एकदम हलवले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. जागा पक्क्या झाल्या की ब्लँकवर पांढऱ्या पेन्सिलने खुणा करा आणि अंतरं वहीत लिहा, टेप काढल्यावर खुणा पुसल्या जातात हे मी भोगलंय.

पायरी ९: बांधायच्या आधी पाय घासा

गाईडच्या पायाचं टोक कारखान्यातून येतं तेव्हा जाडसर असतं. दोरा ब्लँकवरून पायावर चढताना तिथे पायरी लागते, दोऱ्यात फट राहते आणि इपॉक्सीत बुडबुडा धरतो. बारीक कानशीने पायाचं टोक घासून उतार करा, अगदी नखाच्या धारेसारखा पातळ, आणि मग पायाच्या खालच्या बाजूवर बोट फिरवा. घासल्यावर खाली बारीक कंगोरा उभा राहतो, तो दिसत नाही पण बोटाला टोचतो. तो तसाच राहिला तर वाकताना ब्लँकचे तंतू कापतो, आणि एक दिवस मोठ्या माशावर रॉड बरोबर गाईडच्या पायाशी तुटतो, मग लोक ब्लँकला दोष देतात. बारीक सँडपेपर फिरवून तो कंगोरा काढल्याशिवाय एकही गाईड बांधू नका.

पाय ब्लँकवर सपाट बसतो का तेही बघा. टोक आणि टाच दोन्ही टेकायला हवी, दोन पायांचा असेल तर चारही. वाकडा असेल तर पक्कडीने हळूच सरळ करा, रिंगला पक्कड लावायची नाही.

खाऱ्या पाण्यासाठी एक जास्तीची काळजी. घासल्यावर पायावरचा कारखान्याचा थर निघून गेलेला असतो आणि आतलं पोलाद उघडं पडतं. गंज पहिला तिथेच धरतो. म्हणून दोरा पायाच्या टोकाच्या पुढे २-३ मिलिमीटर सुरू करा आणि इपॉक्सी दोऱ्याच्या दोन्ही कडा झाकून किंचित बाहेर येईल एवढं लावा, फ्रेम जिथे दोऱ्यातून वर येते तिथला बोगदाही भरून काढा.

एका पायाचे गाईड ओढले गेल्यावर दोऱ्यातून पुढे निसटू शकतात. त्यासाठी दोरा गाईडच्या मानेपर्यंत आला की मानेच्या पुढच्या बाजूने ४-५ वेढे टाकून मग संपवायचा, याला फोरहान रॅप म्हणतात. दोन मिनिटांचं जास्तीचं काम आहे, प्रत्येक एका पायाच्या गाईडला कराच.

हलक्या रॉडला ए साईजचा दोरा, जड कामाला डी. इपॉक्सीचे दोन पातळ थर, पहिला दोऱ्यात मुरायला आणि दुसरा वरून गुळगुळीत व्हायला, आणि सुकेपर्यंत रॉड फिरत ठेवायचा नाहीतर खाली थेंब लोंबतो. टोकाकडच्या ३-४ गाईडवर दुसरा थर आणखी पातळ घ्या, पायरी ५ मधलं वजनाचं गणित इपॉक्सीलाही लागू आहे.

इपॉक्सी पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा द्या. आणि पहिल्यांदा पाण्यावर नेताना वही सोबत ठेवा, त्याच लाईनने, त्याच वजनाने टाकून बघा, टेपवर मिळत होतं तेवढंच अंतर बांधल्यावरही मिळतंय का. कमी भरत असेल तर आधी रिंगमध्ये इपॉक्सीचा थेंब गेलाय का ते बघा, माझ्या तिसऱ्या रॉडच्या १० नंबरच्या गाईडमध्ये असाच एक चिकटला होता, तिळाएवढा. नख लावून काढला आणि लाईन पुन्हा सूं करत गेली.